आरक्षण न केलेल्या दोन जागा

परदेश प्रवासाचे लेख मी फारसे वाचत नाही. ते लिहिणारी माणसे एकतर फार शिकलेली असतात, नाहीतर त्यांचा कोणी भाऊ तिकडे स्थायिक झालेला असतो. माझ्यासारखा बी.कॉम. होऊन चोवीस वर्षे एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत टिपण्या लिहिणारा माणूस बायकोला घेऊन युरोपात जाऊन आला, हे आमच्या वस्तीतल्या काहींना अजून खरे वाटत नाही. विहारात एकाने विचारलेही, "कर्ज काढलंत का?" कर्ज काढले नाही. आणि पैसे माझे नव्हतेच, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो.

पैसे माझ्या सहचारिणीचे. ती रुग्णालयात परिचारिका आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिने पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली. पहिली ठेव पुरी झाली ती माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात गेली. दुसरी विहाराच्या स्लॅबमध्ये. दोन्ही वेळा मी मागितले, दोन्ही वेळा तिने दिले आणि दोन्ही वेळा "पुढच्या खेपेला नक्की" असे मी म्हणालो. तिसऱ्या ठेवीबद्दल तिने मला सांगितलेच नाही.

तिच्या वॉर्डात पूर्वी एका औषध कंपनीचे कॅलेंडर लागले होते. त्यातल्या एका पानावर रात्रीच्या वेळी दिव्यांनी उजळलेला नदीवरचा पूल होता आणि खाली बारीक अक्षरात बुडापेस्ट असे नाव. रात्रपाळीत पहाटे तीन-साडेतीनला, जेव्हा डोळे मिटायला लागतात पण मिटून चालत नाही, तेव्हा ती त्या चित्राकडे पाहत बसे. वर्ष संपल्यावर तिने ते पान फाडून घरी आणले. आमच्या कपाटात साड्यांखाली पसरलेल्या वर्तमानपत्राखाली ते कितीतरी वर्षे होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. चळवळीत राहणाऱ्या माणसाला गावातली सगळी घरे ठाऊक असतात, स्वतःचे कपाट नसते.

लेक नोकरीला लागली आणि तिने सगळे उलगडले. आधी एका सहल कंपनीचे पत्रक आणले, अकरा दिवसांत नऊ देश. सहचारिणी म्हणाली, "नऊ देश बसच्या काचेतून बघण्यापेक्षा दोनच गावं बघू, पण पायांनी." मग लेकीने सुचवले, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. दोन देशांच्या दोन राजधान्या, मध्ये आगगाडीने तीन तासांहून कमी अंतर. २०२४ चा मे महिना ठरला.

व्हिसाच्या कागदांबद्दल फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की ज्या टेबलावरून मी इतरांच्या फायलींत त्रुटी काढून त्या परत पाठवतो, त्याच टेबलावर माझा परदेशी जाण्याच्या परवानगीचा अर्ज दोनदा त्रुटी निघून परत आला. त्रुटी बरोबर होत्या. तरी राग यायचा तो आलाच.

व्हिएन्नात आम्ही मोठ्या रेल्वे स्थानकाजवळच एका लहान लॉजमध्ये उतरलो. पहिल्या दिवशी सगळे पाहतात ते पाहिले. शोनब्रुन हा तिथल्या सम्राटांचा उन्हाळी राजवाडा. त्यात १४४१ खोल्या आहेत असे कळल्यावर सहचारिणीने पहिला प्रश्न विचारला, "आणि झाडायचं कोणी?" सेंट स्टीफनच्या चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ३४३ पायऱ्या आहेत. दिवसभर वॉर्डात उभी राहणारी ती सरसर चढून गेली. आयुष्यभर खुर्चीत बसलेला मी दीडशेच्या आसपास भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो. ती परत उतरताना भेटली. वरून काय दिसले, ते मला तिच्याकडूनच ऐकावे लागले.

माझा म्हणून एकच हट्ट होता, कार्ल मार्क्स होफ पाहायचा. फार वर्षांपूर्वी कामगार संघटनेच्या एका शिबिरात एका वक्त्याने या इमारतीचा उल्लेख केला होता आणि तो माझ्या डोक्यात रुतून बसला होता. रविवारी आम्ही मेट्रोने हायलिगेनश्टाट या शेवटच्या स्थानकावर उतरलो. बाहेर पडलो तर समोर इमारतच इमारत. डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, ती संपतच नाही. लांबी एक किलोमीटरपेक्षा जास्त. तांबड्या आणि पिवळसर रंगाची, खाली प्रचंड कमानी, कमानींतून आत गेले की हिरवळ आणि झाडे. कार्ल एन या वास्तुविशारदाने ती आखली, १९३० साली तिचे उद्घाटन झाले. १३८२ घरे. प्रत्येक घराला आत नळ, आत संडास. शिवाय बालवाड्या, वाचनालय, स्नानगृहे, दवाखाना, धुलाईखाने. जागेच्या पाचव्या भागापेक्षाही कमी भागावर बांधकाम, बाकी मोकळे आवार.

वाचकहो, मी वरळीच्या बी.डी.डी. चाळीत वाढलो. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांचा मिळून. आमच्या खोलीत आठ माणसे होती. अभ्यास जिन्यातल्या दिव्याखाली. म्हणून त्या कमानीखाली उभा राहिल्यावर माझ्या डोक्यात सुरू झाला तो हिशेब. बी.डी.डी. चाळी आणि ही इमारत एकाच दशकातल्या. दोन्हींसाठी कर बसवला गेला होता. मुंबईत शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया. व्हिएन्नात १९२३ पासून घरबांधणी कर, तो असा की मोठ्या हवेल्यांना जबर आणि लहान खोल्यांना नाममात्र. मुंबईत पन्नास हजार गाळे बांधायचे ठरले होते, बांधून झाले सोळा-साडेसोळा हजार. व्हिएन्नाच्या नगरपालिकेने १९३४ पर्यंत साठ हजारांवर घरे बांधली. आणि जमाखर्चाच्या माणसाला भावणारी गोष्ट म्हणजे, त्या काळच्या अशा अनेक इमारतींच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेले असते की ही घरे नगरपालिकेने घरबांधणी कराच्या पैशातून अमुक साली बांधली. कोनशिलेवर कोणा साहेबाचे नाव नंतर, आधी पैसा कुठल्या खात्यातून आला ते! १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारी सैन्याने याच इमारतीवर तोफा डागल्या, कारण आत कामगार बंदुका घेऊन बसले होते. घर एवढे चांगले मिळाले की त्याच्यासाठी लढावेसे वाटत असावे.

हे सगळे मी सहचारिणीला जोरजोरात समजावून सांगत होतो. ती ऐकत होती. तिथल्या जुन्या धुलाईखान्याच्या इमारतीत त्या काळाचे एक लहान संग्रहालय आहे, आठवड्यातून दोनच दिवस उघडे असते. नशिबाने रविवार होता. तिथे कळले की त्या धुलाईखान्यात बायका यंत्रांवर कपडे धूत, आणि कपडे धुण्याच्या वेळी पुरुषांना आत मज्जाव होता. मला ते बायकांच्या सोयीचे वाटले. ही म्हणाली, "म्हणजे घर क्रांतिकारक, पण धुणं बायकांनीच धुवायचं, हे इथेही ठरलेलंच होतं की." मी लेखी उत्तर द्यावे तसे काहीतरी पुटपुटलो. त्या काळात यंत्राचा धुलाईखाना मिळणे हेच किती मोठे होते, वगैरे. ते खरेही आहे. पण तिचे म्हणणेही खोडता आले नाही.

दुसऱ्या दिवशी बुडापेस्टची गाडी.

इथे मुख्य गोष्ट सुरू होते. तिकिटे लेकीने पुण्यात बसून संगणकावर काढली होती. तेव्हा तिने फोनवर विचारले होते, "बाबा, जागा आरक्षित करू का? त्याचे वेगळे पैसे पडतात." मी म्हणालो, "तिकीट काढलं म्हणजे जागा आलीच ना?" ती म्हणाली, तिकडे तसे नसते. तिकिटावर गाडीत बसता येते, पण अमुक एक जागा आपली हवी असेल तर थोडे जास्त द्यावे लागतात. दोघांचे मिळून सहा-सात युरो, म्हणजे आपले साडेपाचशे-सहाशे रुपये. मी म्हणालो, "नको. सोमवारी कोण जातंय एवढं!"

व्हिएन्नाचे हे मुख्य स्थानक नवे आहे, २०१४ च्या डिसेंबरपासून पुरते चालू झाले. फलाटावर जायला ना गेट, ना तिकीट तपासनीस. सहचारिणीला ते विचित्र वाटत होते. "अहो, कोणी अडवत कसं नाही?" असे तिने दोनदा विचारले. गाडी आली, आम्ही मिळेल त्या डब्यात चढलो. खिडकीजवळच्या दोन जागा मोकळ्या. जागांच्या वर बारीक पट्टीवर अक्षरे उजळत होती. मी चष्मा वर करून वाचले. एक गावाचे नाव, मध्ये आडवी रेघ, पुढे बुडापेस्ट. मला आपल्या एस.टी.ची पाटी आठवली. म्हटले, बरोबर डब्यात आलो, हा डबा बुडापेस्टला जातो.

गाडी शहराबाहेर पडली तशी सपाट शेते सुरू झाली, आणि थोड्याच वेळात पवनचक्क्या. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता सोडून दिले. सहचारिणीने पिशवीतून दशम्या आणि जवसाची चटणी काढली. शेजारच्या मुलीने वासाने मान वळवली आणि हसली. तपासनीस आला, तिकीट पाहून पुढे गेला. सरहद्दीवर हेगेशहालोम नावाचे स्थानक लागले. मी पासपोर्ट हातात घेऊन सावरून बसलो होतो, पण कोणी आलेच नाही. गाडी थांबली, सुटली, देश बदलला. याच सरहद्दीवर १९८९ पर्यंत काटेरी तारा होत्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हातात कातऱ्या घेऊन तार कापली, तो फोटो जगभर छापून आला. मी ते सहचारिणीला सांगितले. ती बाहेर पाहत म्हणाली, "शेतं तर दोन्हीकडे सारखीच दिसतात."

पुढच्या मोठ्या स्थानकावर गाडी थांबली. एक वयस्क गृहस्थ आणि त्यांच्याबरोबर दहा-बारा वर्षांची मुलगी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. गृहस्थ त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. मला कळले नाही. त्यांनी आधी वरच्या पट्टीकडे बोट दाखवले, मग आमच्याकडे, मग हाताने 'उठा' अशी खूण केली.

त्या खुणेने माझे काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. मी नऊ वर्षांचा असेन. आजीच्या गावी चाललो होतो. एस.टी.त वडील आणि मी शेजारी बसलो होतो. मध्येच चढलेल्या एकाने वडिलांना गाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि मग असाच हात केला. वडील मुंबईत गिरणीत कामाला होते, सभांना जात, घरात बाबासाहेबांचा फोटो होता. पण त्या दिवशी माझा हात धरून ते मुकाट्याने उठले. उरलेला सगळा रस्ता आम्ही दांड्याला धरून उभे राहिलो. घरी परत आल्यावर त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, मीही विचारले नाही. ते २००९ साली गेले. विचारायचे राहूनच गेले.

मी त्या गृहस्थांना मराठी वळणाच्या इंग्रजीत मोठ्याने म्हणालो, "का म्हणून उठू? माझ्याकडे तिकीट आहे." डबाभर माणसांनी माना वळवल्या. गृहस्थ गोंधळले, त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यांचा हात थरथरत होता. लहान मुलगी त्यांच्या कोटाला धरून मागे सरकली. तिचा तो चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. मी तिला घाबरवले होते.

सहचारिणी तोवर उठली होती. तिने वरची पट्टी वाचली, खिडकीतून फलाटावरची पाटी वाचली आणि मला म्हणाली, "अहो, हे ग्योर आहे. पट्टीवर ग्योर ते बुडापेस्ट असं लिहिलंय. इथून पुढे ही जागा त्यांची आहे. उठा." गावाचे नाव पाटीवर एक आणि घोषणेत ऐकू येते वेगळेच, तिकडे त्याचा उच्चार 'द्योर' असा काहीसा करतात, म्हणून स्थानक आल्याचेही मला कळले नव्हते. मी उठलो. तिने गृहस्थांची हात जोडून माफी मागितली आणि पिशवीतून एक चिक्की काढून मुलीपुढे धरली. मुलीने आजोबांकडे पाहिले आणि मग घेतली.

आम्ही बॅगा ओढत दोन डबे ओलांडून दाराजवळच्या मोकळ्या जागेत उभे राहिलो. गाडी ताशी दीडशेच्या पुढे धावत असेल. मी काही बोलत नव्हतो. थोड्या वेळाने ही हसायला लागली. मला वाटले रडते की काय, म्हणून पाहिले, तर तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, "आयुष्यभर आरक्षणावर भाषणं दिलीत, आणि जिथं सहा युरोत मिळत होतं तिथंच घेतलं नाहीत!"

यावर मलाही हसू आले. मग मी तिला एस.टी.ची गोष्ट सांगितली. लग्नाला चोवीस वर्षे झाली, पण ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. व्यासपीठावरून अन्यायाची शेकडो उदाहरणे दिली, हे एक दिले नाही. का, ते मलाही ठाऊक नाही. बहुधा त्यात वडील उठतात म्हणून.

ती ऐकत राहिली. वडिलांबद्दल हळूच दोन प्रश्न विचारले. गाडी टेकड्यांमधून चालली होती, एका टेकडीवर पंख पसरलेल्या मोठ्या पक्ष्याचा पुतळा दिसला. मग ती म्हणाली, आणि रागाने नाही, रुग्णाचे तापमान सांगावे तसे म्हणाली, "तुम्हाला कोणी उठवलं की एवढं लागतं. लागणारच. पण दर रविवारी आपल्या घरी बैठक असते, खुर्च्या कमी पडतात, तेव्हा मी उठते. मला कोणी खूणसुद्धा करत नाही. मी आपली उठते."

मी म्हणालो, "तुला कोणी उठ म्हणतं का?"

"तेच तर म्हणते आहे," ती म्हणाली.

ताताबान्या नावाच्या स्थानकावर काही लोक उतरले आणि दोन जागा मिळाल्या, समोरासमोर नव्हे, एकामागे एक. बुडापेस्ट येईपर्यंत मला तिच्या अंबाड्याशिवाय काही दिसत नव्हते. सांगण्यासारखे खूप होते. चळवळीत बायकांचा सहभाग या विषयावर मी स्वतः तीन वेळा बोललो आहे. त्यातले एक वाक्यही त्या अंबाड्याला सांगण्यासारखे नव्हते.

शेवटी गाडीने डॅन्यूब ओलांडली आणि केलेती स्थानकात शिरली. १८८४ सालचे हे स्थानक, म्हणजे आपल्या बोरीबंदरच्या इमारतीचे समवयस्क. दर्शनी भागात दोन पुतळे, वाफेच्या यंत्राचा जेम्स वॉट आणि रेल्वे इंजिनाचा जॉर्ज स्टीफन्सन. राजाचा नाही, सेनापतीचा नाही, कारागिरांचे पुतळे. मला ते आवडले.

बुडापेस्टचे सगळे वर्णन करत नाही. १८९६ साली सुरू झालेल्या जमिनीखालच्या पिवळ्या गाडीत बसलो. तिचे डबे इतके बुटके की चाळीतल्या पोटमाळ्याची आठवण झाली. संध्याकाळी नदीकाठी गेलो. मे महिन्यात तिकडे साडेआठला कुठे सूर्य मावळतो. आम्ही बाकावर बसून राहिलो. आणि मग पुलावरचे दिवे लागले. सेचेनी साखळी पूल त्याचे नाव, १८४९ चा, बुडा आणि पेस्ट यांना जोडणारा पहिला कायमचा पूल. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवला आणि १९४९ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. टोकांना दगडी सिंह. सहचारिणीने पर्समधून घडी घातलेले कॅलेंडरचे पान काढले. मला वाटले ती ते पुलाशी ताडून पाहील, फोटो काढायला सांगेल. तिने पान मांडीवर ठेवले आणि त्यावर हात ठेवून बसली. बराच वेळ. थंडी वाजायला लागली तेव्हा उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी संसद भवनापासून नदीकाठाने थोडे चालत गेलो. तिथे काठावर लोखंडी बूट मांडलेले आहेत. साठ जोड, पुरुषांचे, बायकांचे आणि काही लहान मुलांचेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्ट अ‍ॅरो क्रॉसच्या लोकांनी यहुद्यांना या काठावर उभे करून गोळ्या घातल्या. गोळी घालण्याआधी बूट काढायला लावत, कारण बुटांना किंमत होती. २००५ साली हे स्मारक झाले. त्यातले एक लहान बुटांचे जोड पाहून ही खाली बसली. तिने मुलांच्या वॉर्डात अकरा वर्षे काढली आहेत. मी तिच्याशी बोललो नाही. तिथे कोणीच कोणाशी बोलत नव्हते.

परतीच्या दिवशी केलेतीवर आम्ही तासभर आधी पोचलो. सुटणाऱ्या गाड्यांच्या फलकावर मिश्कोल्त्स हे नाव होते आणि मी त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल की हंगेरीच्या ईशान्येला, मिश्कोल्त्सच्या बाजूला शायोकाझा नावाचे गाव आहे आणि तिथे २००७ साली रोमा समाजाच्या मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू झाली. रोमा म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणून हिणवतात ते लोक. शेकडो वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज आपल्याकडूनच तिकडे गेले. त्यांच्या मूळ भाषेत पाण्याला 'पानी' म्हणतात. शाळांमध्ये त्यांच्या मुलांना वेगळे बसवणे, मतिमंदांच्या शाळेत ढकलणे हे प्रकार इतके चालत की २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हंगेरीविरुद्ध निकाल दिला. त्या समाजातल्या काही कार्यकर्त्यांना बाबासाहेबांचा विचार आपला वाटला, ते महाराष्ट्रात येऊन गेले आणि आता एकमेकांना 'जय भीम' म्हणतात.

"काय बघताय?" सहचारिणीने विचारले. मी सांगितले. ती म्हणाली, "मग आधी का नाही बोललात?"

खरे कारण मी सांगून टाकले. लेकीने बुडापेस्टचे नाव घेतले त्याच दिवशी मला ही शाळा आठवली होती. पण त्यासाठी आणखी दोन दिवस लागले असते, किंवा पूल सोडावा लागला असता. दोनदा मी तिच्या ठेवीला हात घातला होता. तिसऱ्यांदा नको, असे मी मनाशी ठरवले. मला वाटले, ती यावर खूश होईल.

ती खूश झाली नाही. म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी दोन दिवस वाढवले असते. ती शाळा मला बघायची नसेल, असं तुम्हीच ठरवलंत? मागायचं तेव्हा न विचारता मागितलंत, आणि नाही मागायचं तेही न विचारता." दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिएन्नाहून विमान होते. मिश्कोल्त्सची गाडी आमच्यासमोर फलाटावर लागली, भरली आणि सुटली.

मग ती उठून तिकीट खिडकीकडे गेली. तिला ना त्यांची भाषा येते, ना इंग्रजी धड. तिने आमची परतीची तिकिटे काचेतून दाखवली, दोन बोटे वर केली, आणि 'विंडो' असे म्हणाली. जागांचे कागद घेऊन आली. खिडकीजवळची जागा तिची होती, माझी शेजारची. ग्योर येण्याआधीच तिला झोप लागली.

घरी आल्यावर पहिल्याच पगारात मी चार खुर्च्या आणल्या, प्लॅस्टिकच्या, एकात एक बसणाऱ्या. त्या रविवारी प्रवासाची हकीगत ऐकायला म्हणून नेहमीपेक्षा सहा माणसे जास्त आली. मी पूल सांगत होतो, कार्ल मार्क्स होफ सांगत होतो. मध्येच मान वळवून पाहिले तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली. ती म्हणाली, "थांबा, गॅसवर चहा आहे."